श्रम, नाडी आणि वही: हृदयाच्या ठोक्यांवरून स्वतःची क्षमता ओळखण्याची रीत

जिन्याचे तीन मजले चढून गेल्यावर छातीत धडधड वाढते, हे प्रत्येकाने अनुभवलेले असते. मात्र ती किती वाढली आणि थांबल्यानंतर किती वेळात उतरली, हे मोजून पाहणारे फार थोडे असतात. मनगटावरच्या घड्याळांनी ठोक्यांचा आकडा दिवसभर डोळ्यांसमोर आणून ठेवला असला, तरी त्या आकड्याचे करायचे काय, हा प्रश्न तसाच राहतो. कुणी १५० पाहून घाबरतो, तर कुणी तोच आकडा आणखी वाढवण्याच्या मागे लागतो. माझे म्हणणे असे आहे की सुटा आकडा फारसे काही सांगत नाही. तेच श्रम, शक्य तितक्या सारख्या परिस्थितीत, ठरावीक काळाने पुन्हा केले आणि त्या वेळचे ठोके वहीत नोंदवत गेले, तर मात्र हृदय, रक्त आणि स्नायू यांच्याविषयी पुष्कळ कळते. त्यासाठी सेकंदकाटा असलेले घड्याळ, एक पायरी आणि दोन बोटे एवढी सामग्री पुरते.

सुरुवात करण्यापूर्वी

पुढे दिलेली रीत सर्वसाधारण प्रकृतीच्या प्रौढांसाठी आहे. ज्यांना हृदयविकार असल्याचे निदान झाले आहे, ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही, चालताना ज्यांच्या छातीत दुखते किंवा दडपण येते, ज्यांना पूर्वी श्रम करताना भोवळ आली आहे, किंवा ज्यांच्या जवळच्या नात्यात कमी वयात अचानक मृत्यू झालेला आहे, त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय पायरीची चाचणी करू नये. अनेक वर्षांचा मधुमेह असलेल्यांनाही हेच लागू होते, कारण मधुमेहात हृदयाला जाणाऱ्या चेतातंतूंना इजा झालेली असू शकते. अशा वेळी छातीतील वेदना जाणवत नाही आणि ठोकेही श्रमाच्या प्रमाणात वाढत नाहीत. ताप, जुलाब किंवा नुकताच होऊन गेलेला आजार असेल, तर मोजणी पुढे ढकलावी.

पहिली पायरी: विश्रांतीतील ठोके

सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्यापूर्वी, चहा घेण्याआधी आणि मोबाइल हातात घेण्याआधी नाडी मोजावी. तळहात वर करून, अंगठ्याच्या मुळाखाली मनगटाच्या बाहेरच्या कडेला तर्जनी आणि मधले बोट हलके टेकवावे. हाड आणि शीर यांच्यामधल्या खोबणीत ठोका लागतो. मोजण्यासाठी अंगठा वापरू नये, कारण त्याच्यात स्वतःचाच ठोका जाणवतो आणि मोजणीत घोटाळा होतो. विश्रांतीतील ठोके पूर्ण ६० सेकंद मोजावेत. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय घाईच्या वेळी ठीक आहे, पण तिच्यात एका ठोक्याची चूक चार ठोक्यांची होते, आणि विश्रांतीच्या आकड्यात चार ठोक्यांचा फरक महत्त्वाचा असतो.

प्रौढ माणसाचे विश्रांतीतील ठोके साधारणपणे मिनिटाला ६० ते १०० मानले जातात. नियमित धावणाऱ्या, पोहणाऱ्या किंवा सायकल चालवणाऱ्यांमध्ये ते ५०च्या आसपास किंवा त्याहूनही कमी असू शकतात, आणि कोणताही त्रास नसेल तर त्यात चिंतेचे कारण नसते. आठवडाभर रोज मोजून सरासरी काढावी, कारण एखाद्या रात्रीची अपुरी झोप आकडा सहज पाच-सात ठोक्यांनी वर नेते. मोजताना ठोक्यांच्या लयीकडेही लक्ष असावे. तरुणांमध्ये श्वास आत घेताना ठोके किंचित वेगाने आणि बाहेर सोडताना किंचित संथपणे पडतात, ते स्वाभाविक आहे. पण लय सतत आणि कशीही विस्कटलेली असेल, तर ईसीजी काढून घेणे आवश्यक आहे.

श्रम सुरू होताच शरीरात काय घडते

हा भाग समजल्याशिवाय पुढची मोजणी यांत्रिक होते, म्हणून येथे थोडे थांबणे मला आवश्यक वाटते.

हृदयाच्या उजव्या अलिंदात, म्हणजे उजवीकडच्या वरच्या कप्प्यात, सायनस नोड नावाचा पेशींचा एक छोटा पुंजका असतो आणि तो स्वतःहून विद्युतसंकेत निर्माण करतो. त्याला कोणत्याही चेतातंतूचा हात लागू दिला नाही, तर तरुण प्रौढात तो मिनिटाला १००च्या आसपास ठोके देईल. आपण स्वस्थ बसलेलो असताना ठोके ७०च्या आसपास राहतात, याचे कारण व्हेगस हा चेतातंतू त्याला सतत रोखून धरत असतो. आपण उठून जिना चढू लागलो की पहिल्या काही सेकंदांत हाच रोध सैल होतो. म्हणूनच ठोके जवळजवळ त्याच क्षणी वाढतात, कधीकधी तर पहिली पायरी चढण्याआधीच, केवळ आता चढायचे आहे या विचाराने. श्रम चालू राहिले की अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे श्रम आणि ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणारे चेतातंतू, काम हाती घेते. तिच्या टोकांतून नॉरअॅड्रेनॅलिन आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून अॅड्रेनॅलिन स्रवते, ठोके १००च्या पलीकडे जातात आणि प्रत्येक आकुंचन अधिक जोरकस होते. हा दुसरा टप्पा तुलनेने सावकाश चढतो आणि श्रम थांबल्यावर सावकाशच उतरतो.

हे सारे कशासाठी, तर स्नायूंना प्राणवायू पुरवण्यासाठी. विश्रांतीत हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. एका ठोक्याला ७० मिलिलिटर आणि मिनिटाला ७०-७२ ठोके, असा तो हिशेब आहे. त्या प्रत्येक लिटरमधून शरीर साधारण ५० मिलिलिटर प्राणवायू काढून घेते, म्हणजे मिनिटाला २५० मिलिलिटर. जोरदार श्रमात निरोगी तरुणाचे हृदय मिनिटाला २० लिटर रक्त ढकलू शकते आणि स्नायू प्रत्येक लिटरमधून १५० मिलिलिटरपर्यंत प्राणवायू ओढून घेतात. रक्ताचा प्रवाह चौपट आणि त्यातून घेतलेला प्राणवायू तिप्पट, म्हणजे एकूण पुरवठा बारापट होतो. जर्मन शरीरशास्त्रज्ञ अॅडॉल्फ फिक यांनी १८७० मध्ये मांडलेले हे नाते आजही व्यायामशास्त्राचा पाया आहे. विश्रांतीत जेमतेम पंचमांश रक्त स्नायूंकडे जाते. तीव्र श्रमात हा वाटा ८० टक्क्यांच्या घरात जातो आणि पोट, आतडी व मूत्रपिंडे यांच्याकडचा प्रवाह आटतो. भरपेट जेवून लगेच चढ चढू नये, या घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या नियमामागे हेच कारण आहे.

एका ठोक्यात बाहेर पडणारे रक्तही श्रमाबरोबर वाढते, परंतु सराव नसलेल्या माणसात ही वाढ मध्यम श्रमापाशीच बरीचशी थांबते आणि त्यापुढची गरज केवळ ठोके वाढवूनच भागवावी लागते. ठोके वाढण्यालाही किंमत असते. मिनिटाला ७२ ठोके असताना एका ठोक्याला सुमारे ०.८३ सेकंद मिळतात. १८० झाले की अवघे ०.३३ सेकंद. ही कपात मुख्यतः हृदयाच्या शिथिल होण्याच्या काळात होते. नेमक्या त्याच काळात निलये, म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे, रक्ताने भरतात आणि हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांतून त्याच्या स्नायूंना रक्त मिळते. धमन्या अरुंद झालेल्या माणसाला चढावरच छातीत का दुखते, याचे उत्तर येथे आहे: हृदयाची मागणी वाढलेली असते आणि त्याला स्वतःला रक्त मिळण्याचा अवधी घटलेला असतो.

दुसरी पायरी: वरची मर्यादा आणि श्रमाचे पट्टे

प्रत्येकाच्या ठोक्यांना एक कमाल मर्यादा असते आणि ती वयाबरोबर घटते. २२० मधून वय वजा करण्याचे सूत्र सर्वांना ठाऊक आहे. ते १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रूढ झाले. ती त्या वेळी हाताशी असलेल्या निष्कर्षांवरून ओढलेली एक ढोबळ रेषा होती. २००१ मध्ये हिरोफुमी तनाका आणि सहकाऱ्यांनी बऱ्याच मोठ्या माहितीच्या आधारे दुसरे सूत्र मांडले: वयाला ०.७ ने गुणून तो आकडा २०८ मधून वजा करावा. चाळिसाव्या वर्षी दोन्ही सूत्रे १८० हेच उत्तर देतात. साठाव्या वर्षी जुने सूत्र १६० सांगते आणि नवे १६६. वयस्कर माणसांच्या बाबतीत जुने सूत्र मर्यादा कमी दाखवते, म्हणून मी दुसरे वापरावे असे सुचवतो.

कोणतेही सूत्र घेतले, तरी खऱ्या कमाल ठोक्यांत आणि सूत्राच्या उत्तरात १० ठोक्यांचा फरक सहज असतो. सुमारे एकतृतीयांश लोकांच्या बाबतीत तो त्याहूनही अधिक असतो. त्यामुळे घड्याळाने आपण कमाल मर्यादेच्या ९५ टक्क्यांवर आहोत असे सांगितले आणि आपण मात्र शेजारच्याशी सहज गप्पा मारत असलो, तर सूत्र आपल्याला लागू पडत नाही, असे समजावे.

श्रमाचे पट्टे ठरवण्यासाठी विश्रांतीतील ठोके हिशेबात घेणारी रीत अधिक चांगली आहे. ती फिनलंडच्या मार्टी कार्व्होनेन यांच्या नावाने ओळखली जाते आणि १९५७ पासून वापरात आहे. समजा, वय ४५ आहे आणि विश्रांतीतील ठोके ७२ आहेत. कमाल ठोके २०८ वजा ३१.५, म्हणजे साधारण १७७. कमाल आणि विश्रांती यांतील अंतर १०५ ठोक्यांचे झाले. ही आपली राखीव क्षमता. मध्यम श्रम या राखीव क्षमतेच्या ४० ते ५९ टक्क्यांत आणि जोरदार श्रम ६० ते ८९ टक्क्यांत धरले जातात. १०५ चे ४० टक्के ४२ होतात, त्यात विश्रांतीचे ७२ मिळवले की ११४. ५९ टक्क्यांचा आकडा त्याच रीतीने १३४ येतो. म्हणजे या व्यक्तीसाठी मध्यम श्रमाचा पट्टा ११४ ते १३४ आणि जोरदार श्रमाचा १३५ ते १६५. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरदार श्रमाची शिफारस केली. ती मिनिटे मोजताना हे पट्टे उपयोगी पडतात.

आकड्याला बोलण्याची जोड द्यावी. मध्यम श्रमात पूर्ण वाक्ये बोलता येतात पण गाणे म्हणता येत नाही. जोरदार श्रमात दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो. ही परीक्षा कोणत्याही सूत्राइतकीच भरवशाची आहे, आणि ठोके कमी करणारी औषधे घेणाऱ्यांसाठी तर सूत्रांहून अधिक भरवशाची.

तिसरी पायरी: तीन मिनिटांची पायरीची चाचणी

१९४३ मध्ये प्रसिद्ध झालेली हार्वर्ड स्टेप टेस्ट शारीरिक शिक्षणाच्या अनेक विद्यार्थ्यांना अभ्यासावी लागते, पण पुरुषांसाठी सुमारे ५० सेंटिमीटर उंचीच्या बाकावर पाच मिनिटे चढ-उतार करण्याची ती चाचणी मूळात तरुणांसाठी आखलेली होती आणि मध्यमवयीन गुडघ्यांना ती झेपत नाही. घरी करण्यासाठी तीन मिनिटांची सौम्य चाचणी योग्य आहे.

सुमारे ३० सेंटिमीटर उंचीची, न डगमगणारी पायरी, ओटा किंवा भक्कम लाकडी पेटी घ्यावी. भिंत किंवा कठडा हाताशी असावा. मोबाइलवर मेट्रोनोमचे, म्हणजे ठरावीक लयीत ठेका देणारे, अॅप घेऊन ते मिनिटाला ९६ ठेक्यांवर लावावे. पहिल्या ठेक्यावर उजवा पाय वर, दुसऱ्यावर डावा पाय वर, तिसऱ्यावर उजवा खाली, चौथ्यावर डावा खाली, या क्रमाने मिनिटाला २४ चढ-उतार होतात. तीन मिनिटे पूर्ण होताच लगेच खुर्चीवर बसावे, पाच सेकंदांच्या आत नाडी शोधावी आणि पूर्ण एक मिनिट ठोके मोजून तो आकडा लिहावा. नाडी सापडायला वेळ लागत असेल, तर आदल्या दिवशी सराव करून ठेवावा, कारण श्रम थांबताच ठोके वेगाने घसरू लागतात आणि पंधरा सेकंदांचा उशीरही आकडा बदलून टाकतो. मनगटावर नाडी लागत नसेल, तर गळ्यावर घाटीच्या बाजूला हलकेच बोटे ठेवावीत. दोन्ही बाजूंना एकाच वेळी दाबू नये आणि जोरही देऊ नये. तेथे दाबाची जाणीव घेणारी चेताटोके असतात आणि दाबल्यास ठोके अचानक मंदावून चक्कर येऊ शकते.

आपली पायरी ३० ऐवजी २५ सेंटिमीटरची असेल, तर दुसऱ्यांच्या तक्त्यांशी तुलना करता येणार नाही, एवढेच. स्वतःशी तुलना करण्यासाठी तीच पायरी, तोच ठेका, दिवसाची तीच वेळ आणि जेवणानंतर किमान दोन तासांचे अंतर, या चार गोष्टी कायम ठेवाव्यात. तीन मिनिटांचा अवधीही विचारपूर्वक ठरलेला आहे: एकसारख्या मध्यम श्रमात ठोके दोन-तीन मिनिटे चढत राहतात आणि मग एका पातळीवर स्थिरावतात. त्याआधी मोजले, तर चढण सुरू असतानाचाच आकडा हाती येतो.

चौथी पायरी: थांबल्यानंतरचा उतार

मला या सगळ्या मोजणीत सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हा आहे, आणि बहुतेक जण नेमका तोच सोडून देतात. श्रम थांबल्याबरोबर व्हेगसचा रोध पुन्हा लागू होतो आणि पहिल्याच मिनिटात ठोके झपाट्याने उतरतात. हा उतार जितका वेगवान, तितके हृदयावरचे चेतातंतूंचे नियंत्रण चांगले. १९९९ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील संशोधकांनी ट्रेडमिलवर पूर्ण क्षमतेपर्यंत चाचणी केलेल्या रुग्णांचा काही वर्षे पाठपुरावा करून दाखवले की, पहिल्या मिनिटात ज्यांचे ठोके १२ किंवा त्याहून कमी उतरले, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक होते. तो आकडा रुग्णालयातील चाचणीचा आणि नंतर सावकाश चालत राहण्याच्या पद्धतीचा आहे, त्यामुळे तो घरच्या पायरीला जसाच्या तसा लावू नये. उताराकडे लक्ष द्यायला हवे, हा बोध मात्र पक्का आहे.

घरी तो मोजण्यासाठी पायरीच्या चाचणीचा दिवस सोडून दुसरा दिवस निवडावा. दहा-पंधरा मिनिटे भराभर चालावे, शेवटची दोन मिनिटे वेग आणखी वाढवावा, थांबताच १५ सेकंद ठोके मोजून चारने गुणावे, मग सावकाश पावले टाकत राहावे आणि बरोबर एका मिनिटाने पुन्हा १५ सेकंद मोजावे. दोन्ही आकड्यांतील फरक म्हणजे आपला उतार. तो दर पंधरवड्याला नोंदवावा. जोरदार श्रमानंतर एकदम थांबून उभे राहू नये, हेही येथेच सांगायला हवे. श्रमात पायांच्या रक्तवाहिन्या फुललेल्या असतात आणि पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावून रक्त वर ढकलत असतात. ते अचानक थांबले की रक्त पायांत साचते, रक्तदाब उतरतो आणि भोवळ येते.

पाचवी पायरी: खऱ्या चढावर उपयोग

पुण्यातील असंख्य माणसे रविवारी पहाटे सिंहगड चढतात, त्यामुळे उदाहरण तेच घेतो. गड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीवर आहे आणि आतकरवाडीच्या पायवाटेने सुमारे ६०० मीटरचा उभा चढ चढावा लागतो. ६० किलो वजनाच्या माणसाने ६०० मीटर वर जाणे म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ३५३ किलोज्यूल काम. स्नायूंची कार्यक्षमता २० ते २५ टक्के धरली, तर शरीराला त्यासाठी साधारण ३४० ते ४२० किलोकॅलरी खर्चाव्या लागतात. हे काम दीड तासात केले की हृदयावरचा भार मध्यम राहतो आणि पाऊण तासात केले की तो जवळपास दुप्पट होतो. उंचीमुळे प्राणवायू कमी पडतो म्हणून धाप लागते, असे गडावर अनेकदा ऐकू येते, पण १३०० मीटरवर तो परिणाम किरकोळ असतो. धाप चढाची आणि आपण धरलेल्या वेगाची असते. लेहसारख्या सुमारे ३५०० मीटर उंचीच्या ठिकाणी गोष्ट वेगळी आहे. तेथे पोहोचल्यावर पहिले काही दिवस स्वस्थ बसलेले असतानाही ठोके नेहमीपेक्षा अधिक असतात, म्हणून महाराष्ट्रातून थेट विमानाने जाणाऱ्यांनी पहिले दोन दिवस विश्रांतीच घ्यावी आणि आपले मैदानी आकडे तेथे लावू नयेत.

चढाची सुरुवात करताना पहिली दहा मिनिटे मुद्दाम हळू चालावे, ठोके मध्यम पट्ट्याच्या खालच्या टोकाशी ठेवावेत. रक्तवाहिन्या फुलायला आणि स्नायू प्राणवायू नीट वापरू लागायला एवढा वेळ लागतोच. त्यापूर्वीच वेग धरला, तर स्नायू प्राणवायूवाचून ऊर्जा निर्माण करू लागतात आणि पहिल्याच टप्प्यावर दम तुटतो. पुढे चढ तीव्र झाला की पावले लहान करावीत, वेग कमी करावा, पण ठोके पट्ट्यात ठेवावेत. म्हणजे सपाटीवर भराभर आणि उभ्या चढावर सावकाश, असा प्रवास आपोआप होतो. पाठीवर सहा-आठ किलोची सॅक असेल, तर त्याच वेगाला ठोके जास्त पडणार, हे गृहीत धरावे. उतरताना ठोके कमी राहतात म्हणून श्रम नाहीत असे समजू नये, कारण तेव्हा मांड्यांचे स्नायू ताणले जात असताना शरीराचा भार सावरत असतात आणि दुसऱ्या दिवशीची अंगदुखी मुख्यतः त्यातूनच येते.

तेच श्रम, पण ठोके वेगळे का?

वहीतला आकडा एखाद्या दिवशी दहा-पंधरा ठोक्यांनी वर गेला, तर क्षमता घटली असा निष्कर्ष काढण्यापूर्वी काही गोष्टी तपासाव्यात. उष्मा ही पहिली. घाम येतो तेव्हा शरीर त्वचेकडे जास्त रक्त पाठवते, शिवाय घामातून पाणी गेल्याने रक्तद्रव, म्हणजे रक्तातला पातळ भागही कमी होतो. एका ठोक्यात बाहेर पडणारे रक्त घटते आणि ती तूट ठोके वाढवून भरून निघते. म्हणूनच तासभर एकाच वेगाने धावताना वेग तसाच राहूनही ठोके हळूहळू १० ते २० ने वर सरकतात. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे हा परिणाम अधिक ठळक होतो. मे महिन्यात विदर्भात दुपारी मोजलेल्या आकड्याची डिसेंबरच्या सकाळच्या आकड्याशी तुलनाच करू नये. ताप, चहा-कॉफी, तंबाखू, मानसिक ताण आणि जागरण हे सर्व आकडा वर नेतात.

हातांनी केलेल्या श्रमात पायांच्या तेवढ्याच श्रमापेक्षा ठोके जास्त पडतात, कारण लहान स्नायूंना आपल्या क्षमतेच्या मोठ्या हिश्श्याने काम करावे लागते. ढोल-ताशा पथकात कमरेला ढोल बांधून तासन् तास वादन करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. जड वजन श्वास रोखून उचलण्यात उलटा धोका आहे: ठोके फारसे वाढत नाहीत, पण रक्तदाब एकदम उसळतो, आणि नाडीवरून त्याचा अंदाज येत नाही. रक्तदाब असलेल्यांनी भरलेला सिलिंडर किंवा पोते उचलताना श्वास सोडत उचलावे. शक्य असल्यास उचलूच नये.

औषधांचा परिणाम मोठा असतो. मेटोप्रोलोल, अटेनोलोल, प्रोप्रानोलोल यांसारखी औषधे अॅड्रेनॅलिनचा हृदयावरचा परिणाम रोखतात, त्यामुळे पूर्ण श्रमातही ठोके नेहमीइतके वर जात नाहीत. अशा व्यक्तींनी सूत्रातला आकडा गाठण्याचा प्रयत्न अजिबात करू नये, आणि ठोके वाढावेत म्हणून औषध स्वतःहून बंद करणे तर घातक ठरू शकते.

रक्ताल्पतेबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण तिच्याकडे आपल्या घराघरांत दुर्लक्ष होते. हिमोग्लोबिन १५ असलेले एक लिटर रक्त सुमारे २०० मिलिलिटर प्राणवायू वाहून नेते. तेच १० असेल, तर जेमतेम १३५ मिलिलिटर. तेवढ्याच पायऱ्या चढायला प्राणवायू तेवढाच लागतो, म्हणजे हृदयाला जवळपास दीडपट रक्त फिरवावे लागते आणि ठोके त्या प्रमाणात चढतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्ताल्पतेच्या व्याख्येत बसतात. दुसऱ्या मजल्यावर जाईपर्यंत छाती धडधडणाऱ्या बाईला 'स्टॅमिना नाही, व्यायाम कर' असा सल्ला मिळतो आणि तीही तो मुकाट्याने ऐकून घेते. अशा वेळी आधी रक्त तपासावे. गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असेल, तर उपचार घ्यावेत आणि मग चाचणी पुन्हा करून पाहावी. व्यायामात काहीही बदल न करताही आकडा खाली आलेला दिसेल. थायरॉइडची अतिक्रियाशीलताही असेच ठोके वाढवते आणि तीही साध्या रक्ततपासणीत कळते.

घड्याळावर किती विसंबावे

मनगटी घड्याळे त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून, परत येणाऱ्या प्रकाशातील चढ-उतारांवरून ठोके ओळखतात. स्वस्थ बसलेले असताना किंवा एकसारख्या गतीने चालताना ती पुरेशी अचूक असतात. हात हलत असताना, पट्टा सैल असताना, थंडीत त्वचेकडचा रक्तप्रवाह घटलेला असताना किंवा मनगटावर गोंदण असताना त्यांची चूक वाढते. धावताना कधीकधी ती पावलांचीच लय ठोके म्हणून दाखवतात. छातीला बांधायचा पट्टा हृदयाचे विद्युतसंकेत टिपतो, त्यामुळे तो अधिक विश्वसनीय असतो. घड्याळाने अनपेक्षित आकडा दाखवला, तर थांबून बोटांनी मोजावे आणि बोटांवर विश्वास ठेवावा.

दोन-तीन महिन्यांनी काय दिसावे

आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास मध्यम श्रम करणाऱ्या, पूर्वी फारशी हालचाल नसलेल्या माणसात रक्तद्रवाचे प्रमाण पहिल्या एक-दोन आठवड्यांतच वाढू लागते, आणि पुढे महिन्यांच्या काळात निलये अधिक भरून अधिक रक्त बाहेर टाकू लागतात. परिणामी त्याच पायरीला आणि त्याच ठेक्याला ठोके कमी पडतात, थांबल्यावरचा उतार वाढतो आणि विश्रांतीतील ठोके काही प्रमाणात घटतात. वहीत हा बदल बहुधा याच क्रमाने दिसतो. विश्रांतीचा आकडा सर्वांत शेवटी आणि सर्वांत थोडा हलतो, म्हणून त्याच्यावरच नजर ठेवून निराश होऊ नये. कमाल ठोके मात्र सरावाने वाढत नाहीत. पंचेचाळीस वर्षांच्या ज्या व्यक्तीचा हिशेब आपण वर केला, तिची कमाल मर्यादा वर्षभरानंतरही तेवढीच राहील, पण त्या मर्यादेखाली ती बरेच अधिक काम करू शकेल.

उलट दिशेचा बदलही वाचायला शिकावे. सकाळचे ठोके सलग तीन-चार दिवस आपल्या सरासरीपेक्षा सात-आठने जास्त येत असतील, तर शरीर थकलेले आहे किंवा आजार येऊ घातला आहे. अशा दिवसांत जोरदार श्रम टाळावेत. व्यायामात खंड नसतानाही काही आठवड्यांत तीच चाचणी जड जाऊ लागली आणि आकडा चढतच राहिला, तर त्याचे कारण डॉक्टरांकडूनच शोधून घ्यावे.

केव्हा तत्काळ थांबावे

छातीच्या मध्यभागी दडपण किंवा दुखणे, ते डाव्या हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे सरकणे, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी, श्रमाच्या मानाने फारच जास्त धाप, किंवा ठोके एकदम विस्कळीत होऊन छातीत फडफड जाणवणे, यांपैकी काहीही झाले तर तिथेच बसावे. विश्रांतीने ते काही मिनिटांत गेले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. गेले नाही तर महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि स्वतः वाहन चालवत रुग्णालयात जाऊ नये. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत दुखण्याऐवजी केवळ धाप, मळमळ किंवा अनोळखी थकवा एवढेच जाणवू शकते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत संशयाची मर्यादा खालीच ठेवावी.

तपासणीला जाताना वही बरोबर न्यावी. त्रास कोणत्या श्रमाला सुरू झाला, त्या वेळी ठोके किती होते, ते नियमित होते की विस्कळीत, थांबल्यावर किती मिनिटांत उतरले, आणि दोन महिन्यांपूर्वी त्याच श्रमाला किती पडत होते, एवढ्या पाच नोंदी समोर असल्या की स्ट्रेस टेस्ट करायची, चोवीस तासांचा ईसीजी लावायचा, की आधी हिमोग्लोबिन पाहायचे, हे ठरवणे डॉक्टरांना पुष्कळ सोपे जाते.